चंद्रावरचा फुटबॉल

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट या गावी मुलांशी विज्ञानावर गप्पा मारण्याचा योग आला होता. चंद्रावर वस्तूचे वजन एक षष्ठांश होते, असे मी फळ्यावर लिहिले, तोच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, मग चंद्रावर फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवला, तर हेडर मारताना डोक्याला लागणारच नाही ना?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. वजन आणि वस्तुमान यांच्या व्याख्या तोंडपाठ असणारेही नेमके इथेच चुकतात.

तर विद्यार्थी मित्रांनो, भरवू या चंद्रावर वर्ल्ड कप! तुलनेसाठी पृथ्वीवरचा एक खरा सामना घेऊ. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले. आणि तो एकुलता एक गोलसुद्धा कोलंबियाच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला! अशा सामन्यांचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब असते, तर चेंडूचे वस्तुमान ४१० ते ४५० ग्रॅम. हेच मैदान, हाच चेंडू आणि हेच संघ चंद्रावर नेऊ.

समजा, एका खेळाडूने ४५ अंशांच्या कोनात, सेकंदाला ३० मीटर वेगाने चेंडू मारला. हा वेग ताशी १०८ किलोमीटर होतो. हवेचा अडथळा नसेल तर चेंडूचा पल्ला काढणे सोपे आहे : वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाने भागायचे. पृथ्वीवर ९०० भागिले ९.८, म्हणजे सुमारे ९२ मीटर. चंद्रावर गुरुत्व त्वरण १.६२, तेव्हा पल्ला सुमारे ५५५ मीटर! पाच मैदाने ओलांडून चेंडू पडेल, वाटेत १३९ मीटर उंच जाईल आणि खाली यायला २६ सेकंद लावेल. तेवढ्यात गोलरक्षकाने एक डुलकी काढायला हरकत नाही.

पृथ्वीवर मात्र ९२ मीटर प्रत्यक्षात मिळत नाहीत. एवढ्या वेगाने जाणाऱ्या चेंडूला हवा जो रोध करते तो सुमारे ४ न्यूटन भरतो, आणि चेंडूचे वजनही जवळजवळ तेवढेच आहे. हवा आपल्याला दिसत नाही म्हणून आपण तिला हिशेबात धरत नाही, इतकेच. फ्री किक मारताना चेंडू भिंतीसारख्या उभ्या खेळाडूंना वळसा घालून जाळ्यात शिरतो, तीही हवेचीच करामत. स्वतःभोवती फिरणारा चेंडू मागे सुटणारी हवा एका बाजूला ढकलतो. प्रतिक्रिया म्हणून हवा चेंडूला दुसऱ्या बाजूला ढकलते. हेनरिक मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये या परिणामाचा अभ्यास केला, म्हणून त्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. चंद्रावर हवाच नाही. तेथे चेंडूला कितीही फिरकी द्या, तो वळणार नाही. पंचांची शिट्टीही कोणाला ऐकू येणार नाही!

आता हेडर. चेंडूचे वजन म्हणजे चंद्र त्याला किती ओढतो ते. डोक्याला बसणारा धक्का मात्र वजनावर ठरत नाही. चेंडूचा वेग डोक्यापाशी बदलतो, आणि तो बदलायला किती बल लागेल हे वस्तुमानावर ठरते. वस्तुमान चंद्रावरही तेच, ४३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तितक्याच वेगाने आलेला चेंडू तितकाच लागेल. किंबहुना जास्तच! कारण वाटेत हवेचा रोध नसल्याने ३० मीटर वेगाने उडालेला चेंडू अर्धा किलोमीटर जाऊन जमिनीशी परततानाही ३० मीटरच वेगाने येईल.

विश्वास बसत नाही? कोरीटच्या मुलांनाही बसला नव्हता. मग आम्ही दोन सारखे पत्र्याचे डबे घेतले, एकात वाळू भरली, दुसरा रिकामा ठेवला आणि दोन्ही कडुनिंबाच्या फांदीला लांब दोऱ्यांनी टांगले. डब्यांचे वजन आता दोऱ्या पेलत होत्या. मुलांनी एका बोटाने दोन्ही डबे आडवे ढकलले. रिकामा डबा झटकन सरकला, वाळूचा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. आणि झोके घेऊ लागल्यावर त्याला हाताने अडवणाऱ्याला चांगलाच हिसका बसला. तुम्हीही हा प्रयोग करा, पण अडवताना बोटे सांभाळा.

हाच नियम खेळाडूंनाही छळेल. धावताना थांबायचे ते बुटांच्या घर्षणाने, आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात असते. घर्षणांक ०.६ धरला, तर सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारी मुलगी पृथ्वीवर तीन मीटरांत थांबेल. चंद्रावर ती अठरा मीटरांहून अधिक घसरत जाईल आणि बहुधा जाळ्यातच सापडेल!

चंद्रावर खेळण्याचा प्रयत्न एकदा खरोखरच झाला आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी तेथे गोल्फचे दोन चेंडू मारले. जुन्या छायाचित्रांवरून २०२१ मध्ये मोजणी झाली तेव्हा दुसरा चेंडू सुमारे ४० यार्डच गेल्याचे आढळले. दोष चंद्राचा नव्हे. जाड पोशाखामुळे त्यांना एकाच हाताने काठी फिरवावी लागली होती.

एक हिशेब तुमच्यासाठी ठेवतो. नियमाप्रमाणे फुटबॉलमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ ते १.१ वातावरण इतका जास्त असावा लागतो. नवी मुंबईत ०.८ वातावरण जास्त दाबाने भरलेला चेंडू तसाच चंद्रावर नेला, तर तो नियमात बसेल का? नसेल, तर त्यातली हवा काढावी लागेल की आणखी भरावी लागेल? तापमान बदलले नाही असे समजा.