उत्तरपत्रिकेची तपासणी आणि उत्तरलेखन

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन शहरे मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. त्यांपैकी कुपवाडची ओळख प्रामुख्याने तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आहे. कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या कुटुंबांतील मुले दरवर्षी मोठ्या संख्येने दहावीच्या परीक्षेस बसतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील व्यवसाय अभ्यासक्रम असो, तंत्रनिकेतनातील पदविका असो, की अकरावीचा प्रवेश असो, गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवरच ठरते. एकदोन गुणांच्या फरकाने हवा तो व्यवसाय किंवा घराजवळची संस्था हातची जाते. अशा वेळी "येत होते, पण लिहिता आले नाही" हे वाक्य अनेक घरांतून ऐकू येते. जे येते त्याचे पूर्ण गुण पदरात पडावेत, यासाठी उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत विद्यार्थी व पालक यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

तपासणी कशी होते?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ सालापासून कार्यरत असून त्याचे मुख्य कार्यालय पुणे येथे आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर हे तीन जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. परीक्षेनंतर प्रत्येक विषयासाठी आदर्श उत्तरे आणि गुणदान योजना निश्चित केली जाते. प्रश्नाच्या कोणत्या मुद्द्यास किंवा पायरीस किती गुण द्यावयाचे, हे तीत नमूद असते. या योजनेप्रमाणे परीक्षक उत्तरपत्रिका तपासतात. त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा पाहतात आणि नियामकांच्या कामावर मुख्य नियामकांची देखरेख असते. एक परीक्षक सढळ आणि दुसरा कडक, असा भेद शक्य तितका कमी व्हावा, हा या रचनेचा हेतू होय.

परीक्षकास विद्यार्थ्याचे नाव, गाव अथवा शाळा कळू नये, अशी व्यवस्था केलेली असते. उत्तरपत्रिकेत नाव लिहिणे, ओळख पटेल अशी खूण करणे किंवा गुणांसाठी विनवणी करणे यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. उलट तो गैरप्रकार ठरतो. परीक्षकापुढे असते ते केवळ लिहिलेले उत्तर. विद्यार्थ्याच्या मनात काय होते, हे तो जाणू शकत नाही. म्हणूनच जे ठाऊक आहे ते कागदावर, योग्य जागी आणि सहज दिसेल असे उतरले पाहिजे.

गुण पायरीला मिळतात

एक साधे उदाहरण घेऊ. ७ सेंटिमीटर त्रिज्या आणि २० सेंटिमीटर उंची असलेल्या वृत्तचितीच्या आकाराच्या तेलाच्या डब्याचे घनफळ काढावयाचे आहे आणि प्रश्नास तीन गुण आहेत, असे समजा. गुणांची विभागणी साधारणपणे अशी असेल : सूत्रास एक, किमती घालण्यास एक आणि एककासह अचूक उत्तरास एक. उत्तर पुढीलप्रमाणे लिहिले जाईल :

वृत्तचितीचे घनफळ = पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची
= (२२ ÷ ७) × ७ × ७ × २०
= ३,०८० घन सेंटिमीटर

समजा, घाईत एका विद्यार्थ्याने अखेरच्या ओळीत ३,८०० लिहिले. पहिल्या दोन ओळी कागदावर असल्याने त्याला दोन गुण मिळू शकतात. दुसऱ्याने तीच चूक केली. पण सर्व आकडेमोड कच्च्या कागदावर करून उत्तरपत्रिकेत फक्त "३,८००" एवढेच लिहिले. त्याला काहीच मिळणार नाही. दोघांचे ज्ञान सारखे आणि चूकही सारखी, तरी फरक दोन गुणांचा. गणितात पायऱ्या गाळणे म्हणजे मिळालेले गुण परत करण्यासारखेच आहे.

कारणे द्या, या प्रश्नातील दोन टोके

विज्ञानात शास्त्रीय कारणे विचारली जातात. "विजेच्या दिव्यात टंगस्टनची तार वापरतात" या विधानाचे कारण दोन गुणांसाठी लिहावयाचे आहे. "टंगस्टन ही चांगली धातू असून ती लवकर खराब होत नाही" असे लिहिणाऱ्याने चुकीचे फारसे लिहिलेले नाही. परंतु तपासणीच्या योजनेत बसेल असेही काही लिहिलेले नाही. याउलट, "टंगस्टनचा द्रवणांक अतिशय उच्च असतो. त्यामुळे विद्युतधारेने तार तापून प्रकाश देऊ लागली, तरी ती वितळत नाही" या दोन वाक्यांत गुणधर्म आणि त्याचा परिणाम अशी कारणाची दोन्ही टोके आली. कारणाच्या प्रश्नात "कशामुळे" आणि "म्हणून काय" ही दोन्ही अंगे असावीत. त्यांपैकी एक गाळले, तर निम्मे गुण जाण्याचा संभव असतो.

पाने नव्हे, मुद्दे

दीर्घ उत्तर म्हणजे अधिक गुण, हा समज विशेषतः इतिहासात घातक ठरतो. "प्रतिसरकारच्या कार्याची माहिती लिहा" हा प्रश्न आपल्या भागातील मुलांना जिव्हाळ्याचा वाटतो. १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या या चळवळीतील अनेक गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. घरी ऐकलेल्या गोष्टी सांगता सांगता विद्यार्थी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या धाडसाच्या वर्णनातच दोन पाने भरतो. प्रश्न मात्र कार्याविषयी आहे. म्हणून नेतृत्व व काळ यांचा एका वाक्यात उल्लेख करून गावोगावची न्यायदान व्यवस्था, तूफान सेनेची उभारणी, ब्रिटिश सत्तेची दळणवळण साधने व खजिना यांवरील हल्ले आणि कमी खर्चाचे विवाह, दारूबंदी यांसारखे समाजसुधारणेचे उपक्रम असे मुद्दे वेगवेगळ्या ओळींत मांडावेत. चार गुणांच्या प्रश्नास चार स्पष्ट मुद्दे दिसले, की परीक्षकास शोधाशोध करावी लागत नाही.

यासाठी प्रश्नातील आज्ञार्थी शब्दाकडे बारकाईने पाहावे. "फरक स्पष्ट करा" म्हटले असता दोन्ही बाजूंचा समान मुद्दा समोरासमोर यावा. एका बाजूची व्याख्या संपवून मग दुसरी सुरू करणे म्हणजे फरक नव्हे. "टीप लिहा" म्हणजे मोजकी माहिती. "तुमचे मत लिहा" म्हटले असता मतास कारणाची जोड हवी. "आकृती काढून नावे द्या" म्हटले असता नावे नसलेली सुबक आकृती अपुरी ठरते. भूगोलात नकाशाला सूची आणि आलेखाला शीर्षक व प्रमाण द्यावे. आकृत्या पेन्सिलने काढाव्यात. प्रश्न व उपप्रश्न यांचे क्रमांक प्रश्नपत्रिकेत आहेत तसेच समासात लिहावेत. क्रमांक चुकला, तर बरोबर उत्तरही चुकीच्या प्रश्नाखाली तपासले जाण्याचा धोका राहतो.

वेळेचा हिशेब

गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांच्या प्रत्येक भागाची प्रश्नपत्रिका ४० गुणांची असून तिला दोन तास मिळतात. म्हणजे एका गुणास तीन मिनिटे. भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेस तीन तास असतात; तेथे एका गुणास सव्वादोन मिनिटेच येतात. ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत तीन गुणांच्या उत्तरावर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गेला, तर तो दुसऱ्या कोणत्यातरी प्रश्नातून काढून घेतलेला असतो. येणारे प्रश्न आधी पूर्ण करावेत, अडलेल्यासाठी जागा सोडून पुढे जावे आणि अखेरची काही मिनिटे क्रमांक, एकके व राहून गेलेले उपप्रश्न पाहण्यासाठी ठेवावीत. घरी सराव करतानाही घड्याळ समोर ठेवूनच लिहावे.

वर्षभराचे वीस गुण

प्रत्येक प्रमुख विषयाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे अथवा प्रात्यक्षिकाचे असतात. त्यांचे महत्त्व २०१९ साली प्रकर्षाने दिसून आले. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण वगळण्यात आले होते आणि राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी अंतर्गत गुणांची पद्धत पुन्हा सुरू झाली. २०२१ साली महासाथीमुळे परीक्षाच होऊ शकली नाही. त्या वेळी नववीचा निकाल आणि दहावीच्या वर्षातील शालेय काम यांवरूनच गुण देण्यात आले. गृहपाठ, प्रयोगवही आणि तोंडी परीक्षा यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे दोन अनुभव ध्यानात ठेवावेत.

निकालानंतरचा हक्क

इतके करूनही अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले, तर काय करावे? पूर्वी हा मार्ग अरुंद होता. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या राज्य मंडळाचाच एक नियम वैध ठरविला होता. त्यानुसार सर्व उत्तरे तपासली आहेत काय आणि बेरीज बरोबर आहे काय, एवढीच पडताळणी होत असे. उत्तरपत्रिका पाहण्याचा अथवा ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क विद्यार्थ्यास नव्हता. पुढे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अंमलात आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. आता राज्य मंडळाकडे गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेणे आवश्यक असते. मुदती थोड्या दिवसांच्या असतात. म्हणून निकालाबरोबरच्या सूचना त्याच दिवशी वाचून शाळेत चौकशी करावी. छायाप्रत हाती आल्यावर विषयशिक्षकांसमवेत ती ओळ न् ओळ तपासावी आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा.

शाळांनीही सराव परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका केवळ गुण सांगून परत न करता, गुणदान योजना फळ्यावर लिहून मुलांकडूनच एकमेकांची एकदोन उत्तरे तपासून घ्यावीत. परीक्षकाच्या जागी बसलेल्या मुलाला आपल्या उत्तरात काय दिसत नाही, हे चटकन उमगते. या उपक्रमास खर्च लागत नाही आणि खाजगी शिकवणीची गरजही पडत नाही. दिवसपाळी संपवून घरी आलेल्या आईवडिलांनाही मुलाची वही उघडून एवढे निश्चित विचारता येईल : "तीन गुणांचा प्रश्न आहे ना? मग त्यातले तीन मुद्दे मला दाखव बरे."