पटकीचा शोध आणि त्रैराशिक
(इयत्ता सहावी व सातवीसाठी गणित आणि आरोग्यशास्त्र यांचा समवाय पाठ)

पाठाचा हेतू

गुणोत्तर, शेकडेवारी आणि त्रैराशिक ही प्रकरणे बहुधा नफा-तोटा, व्याज व मजुरी यांच्या उदाहरणांवरच शिकविली जातात. त्यामुळे हे गणित बाजारापुरतेच आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होऊन बसते. वास्तविक ज्या रीतीने व्याज काढतात, त्याच रीतीने रोगाचे मूळही शोधता येते. सन १८५४ मध्ये लंडन शहरात एका वैद्याने पटकीचे मूळ अशाच रीतीने शोधून काढले. रोगाचा जंतू तेव्हा वैद्यकाला परिचित नव्हता. त्याच्याजवळ होती ती मृतांची यादी, घरांची संख्या आणि भागाकार. नुसती संख्या आणि प्रमाण यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे व तुलना सारख्यांचीच करावी हा नियम त्यांना पटवून देणे, एवढा या पाठाचा हेतू आहे.

पूर्वतयारी

शिक्षकाने फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण लिहावे. एका गावात दोन आळ्या आहेत. वरच्या आळीत हगवणीचे १२ रोगी आढळले, खालच्या आळीत ९. रोग कोणत्या आळीत अधिक आहे? बहुतेक मुले ‘वरच्या आळीत’ असे उत्तर देतील. ते उत्तर लगेच खोडून काढू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा. एखादा विद्यार्थी ‘आळीत माणसे किती?’ असे आपण होऊन विचारील तर उत्तमच. न विचारल्यास शिक्षकाने पुढील माहिती द्यावी : वरच्या आळीत २४० माणसे राहतात, खालच्या आळीत ६०. आता मुलांकडूनच शेकडेवारी काढून घ्यावी. वरच्या आळीत शेकडा ५, तर खालच्या आळीत शेकडा १५. म्हणजे संख्येने मागे असलेली आळी प्रमाणाने तिप्पट पीडित आहे. अंशाकडे पाहिले आणि छेद विसरला, म्हणजे निर्णय कसा उलटा होतो, हे येथे मुलांच्या ध्यानी येईल.

विषयप्रतिपादन

(१) काळ व समजूत : पटकीची पहिली मोठी जागतिक साथ १८१७ साली बंगालमधून पसरली. पुढे दुसऱ्या मोठ्या साथीच्या वेळी, १८३१ मध्ये, ती इंग्लंडमध्ये पोहोचली. त्या काळी तेथील बहुतेक विद्वान वैद्यांचे मत असे होते, की कुजक्या पदार्थांच्या दुर्गंधीने हवा दूषित होते आणि त्या हवेमुळे पटकी होते. डॉ. जॉन स्नो यांचा जन्म १८१३ साली यॉर्क येथे एका श्रमिक कुटुंबात झाला. रोग जर हवेतून येतो तर त्याचा पहिला आघात फुप्फुसांवर न होता आतड्यांवर का होतो, असा प्रश्न त्यांना पडला. विष पोटात जात असले पाहिजे, म्हणजेच ते पाण्यातून जात असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी १८४९ साली प्रसिद्ध केले. परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे, हे ते जाणून होते.

(२) पंपाची हकीकत : १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास पटकीचा भयंकर उद्रेक झाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी मृतांची घरे शोधून काढली. बहुतेक घरे रस्त्यावरील एका हातपंपाच्या आसपास होती. मात्र त्यांना अधिक बोलके वाटले ते अपवाद. जवळच्याच एका अनाथगृहवजा आश्रमात ५३५ लोक राहत असून त्यांपैकी पाचच मृत्यू पावले. त्या आश्रमाची विहीर स्वतंत्र होती. पंपाजवळच्या दारूभट्टीतील सत्तराहून अधिक कामगारांपैकी एकही पटकीने मेला नाही. ते या पंपाचे पाणी पीत नसत. उलट, कित्येक मैल दूर राहणारी एक विधवा बाई पटकीने दगावली. तिला याच पंपाचे पाणी आवडत असे आणि ते ती रोज बाटलीतून मागवीत असे.

८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. दांडा काढताच साथ थांबली असे पुष्कळदा सांगण्यात येते. शिक्षकाने तसे सांगू नये. तोवर साथ ओसरू लागली होती आणि पुष्कळ रहिवासी गाव सोडून गेले होते. ही गोष्ट स्वतः स्नो यांनीच नमूद केली आहे. आपल्या मताला सोयीचा नसलेला आकडाही लिहून ठेवणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य होय, हे मुलांना आवर्जून सांगावे.

(३) एकाच रस्त्यातील दोन नळ : खरा निर्णायक पुरावा स्नो यांना दक्षिण लंडनमध्ये मिळाला. तेथे सदर्क अँड व्हॉक्सॉल आणि लॅम्बेथ या दोन कंपन्या नळाने पाणी पुरवीत. दोघींच्या नळवाहिन्या त्याच त्या रस्त्यांतून गेलेल्या होत्या. एका घरी एकीचे पाणी, तर शेजारच्या घरी दुसरीचे, अशी सरमिसळ होती. श्रीमंत व गरीब, मोठे घर व लहान घर, असा भेद तीत नव्हता. हवा तर सर्वांची एकच होती. भेद होता तो एवढाच : पहिली कंपनी टेम्स नदीचे पाणी शहरातच, गटारे जेथे नदीला मिळत त्या भागात, उपसत असे; दुसरीने १८५२ साली आपला उपसा शहराच्या वर, टेम्स डिटन येथे हलविला होता. तीन लाखांहून अधिक माणसे, स्वतःला ठाऊक नसताना, जणू एका प्रयोगात विभागली गेली होती.

पटकीने मेलेल्या माणसाच्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येत होते, हे घरोघर जाऊन विचारावे लागले. पुष्कळांना ते सांगता येत नसे. तेव्हा स्नो घरातील पाण्याचा नमुना घेत व त्यात सिल्व्हर नायट्रेट घालून पाहत. पहिल्या कंपनीच्या पाण्यात मिठाचे प्रमाण दुसरीच्या सुमारे चाळीस पट होते. त्यामुळे पाणी कोणाचे, हे साक्यावरून ओळखता येई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांची त्यांची मोजणी फळ्यावर पुढीलप्रमाणे मांडावी :

सदर्क अँड व्हॉक्सॉल : घरे ४०,०४६, मृत्यू १,२६३.
लॅम्बेथ : घरे २६,१०७, मृत्यू ९८.

दर दहा हजार घरांमागे मृत्यू किती, हे मुलांनी त्रैराशिकाने काढावे. पहिल्या कंपनीसाठी उत्तर सुमारे ३१५ येते, दुसरीसाठी सुमारे साडेसदतीस. पहिले प्रमाण दुसऱ्याच्या आठपटींहून अधिक आहे. येथे आणखी एक प्रश्न विचारावा : पहिल्या कंपनीच्या घरांना दुसरीसारखे पाणी मिळाले असते, तर किती मृत्यू झाले असते? २६,१०७ घरांत ९८, तर ४०,०४६ घरांत किती? उत्तर येते सुमारे १५०. प्रत्यक्षात १,२६३ झाले. म्हणजे अकराशेहून अधिक माणसे अशी, की जी पाणी बदलताच वाचू शकली असती. हा आकडा मुलांनी स्वतः काढलेला असावा. तो निघाल्यावर क्षणभर थांबून, हे उत्तर म्हणजे माणसे आहेत, याची जाणीव वर्गाला द्यावी.

(४) आकडेही फसवितात : त्याच काळी विल्यम फार नावाचे थोर संख्याशास्त्रज्ञ इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत काम करीत असत. १८४८-४९ च्या साथीचे आकडे तपासता त्यांना दिसले, की लंडनचा जो भाग नदीपासून जितका उंचावर, तितके तेथे पटकीचे मृत्यू कमी. त्यांनी याचे गणिती सूत्रही बसविले आणि सखल भागातील दूषित हवा हे कारण ठरविले. आकडे बरोबर होते. कारण चुकले होते. सखल भागांत पाणीही नदीच्या घाण भागातलेच येत असे. उंची आणि पाणी ही दोन्ही बरोबरच बदलत होती, आणि फार यांच्या कोष्टकाने त्यांतील एकच पाहिले होते. स्नो यांनी उंची, हवा व वस्ती सारखी असून केवळ पाणी निराळे, अशी घरे निवडली. म्हणून त्यांचा निष्कर्ष टिकला. फार यांचा मोठेपणा असा, की मृतांचे पत्ते स्नो यांना त्यांनीच पुरविले आणि १८६६ च्या साथीत पाण्याचा दोष त्यांनी स्वतः आकड्यांनी दाखवून दिला.

स्नो १८५८ साली वारले. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू कलकत्त्यात अभ्यासून १८८४ मध्ये जगापुढे मांडला. तो जंतू आतड्यांत जे विष सोडतो, त्याचा शोध १९५९ साली कलकत्त्यातच डॉ. शंभुनाथ डे यांनी लावला. जंतू मागाहून सापडला. प्रमाणाने बोट आधीच योग्य जागी ठेवले होते.

सामान्यीकरण

मुलांकडून पुढील नियम त्यांच्याच शब्दांत काढून घ्यावेत. पहिला : रोग्यांची संख्या सांगताना एकूण माणसे किती, हेही सांगावे. दुसरा : ज्या दोन गटांची तुलना करावयाची, ते शक्य तितके सारखे असावेत, भेद एकाच गोष्टीचा असावा. तिसरा : दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. चौथा : अपवाद टाकून देऊ नयेत, त्यांची चौकशी करावी.

आजचे संशोधन

लंडनच्या दोन नळांसारखी सोय संशोधकास क्वचितच लाभते. धुरकट हवेने आयुष्य घटते काय, हा प्रश्न घ्या. धुरकट शहरातील माणसे कदाचित तंबाखू अधिक ओढत असतील, अथवा वयाने अधिक असतील. मग दोष हवेचा की तंबाखूचा? यावर उपाय असा, की ओढणाऱ्याची तुलना ओढणाऱ्याशी, न ओढणाऱ्याची न ओढणाऱ्याशी व सारख्या वयाच्या माणसाची सारख्या वयाच्या माणसाशी करावयाची, आणि मग सर्व तुलनांचा मेळ घालावयाचा. अशा पाचसहा गोष्टी आणि हजारो माणसे असली, की हाताने हिशेब करणे अशक्य होते. तेथे संगणक लागतो. अमेरिकेतील सहा शहरांतील ८,१११ प्रौढांवर १४ ते १६ वर्षे लक्ष ठेवून केलेला असा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू, वय इत्यादींचा परिणाम वेगळा काढल्यावरही सर्वांत दूषित शहरातील मृत्युप्रमाण सर्वांत स्वच्छ शहराच्या मानाने शेकडा २६ ने अधिक आढळले. त्यामागील विचार मात्र फळ्यावरच्या त्या दोन ओळींतलाच आहे. यंत्र भागाकार जलद करते. छेदात काय घ्यावे व कोणाची तुलना कोणाशी करावी, हे माणसालाच ठरवावे लागते. आणि मूळ नोंद खोटी असेल, तर कोणतेही यंत्र तिला खरी करू शकत नाही.

उपयोजन

शाळेची हजेरी ही या दृष्टीने गावातील एक महत्त्वाची नोंद आहे. गैरहजेरीपुढे ‘आजारी’ एवढेच न लिहिता ताप, हगवण, खोकला असे कारण लिहिण्याचा परिपाठ ठेवल्यास वर्षअखेर वर्गाला आपलेच कोष्टक मिळेल. पावसाळ्यातील व हिवाळ्यातील गैरहजेरीचे शेकडा प्रमाण मुलांनी काढावे. पिण्याच्या पाण्याच्या जागेनुसार त्याची वर्गवारी करून पाहावी.

यात दोन पथ्ये पाळावीत. एक, दोनचार मुलांच्या आजारावरून निष्कर्ष काढू नये. लहान संख्येत योगायोग फार. दोन, कोणत्याही घराकडे, आळीकडे अथवा समाजाकडे बोट दाखविले जाईल असे कोष्टक भिंतीवर लावू नये. मुलांची नावे वगळावीत. एखाद्या पाणवठ्याचा संशय आल्यास वर्गात चर्चा न करता आशा कार्यकर्ती, जलसुरक्षक अथवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांना तत्काळ कळवावे. पाण्याची तपासणी व टीसीएलची मात्रा हे त्यांचे काम. वेळेवर खरी नोंद पोहोचविणे हे शाळेला करता येण्याजोगे काम आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या चौकशीत हेन्री व्हाइटहेड नावाच्या तेथील तरुण धर्मोपदेशकाने स्नो यांना मोठे साहाय्य केले. प्रथम त्यांना स्नो यांचे म्हणणे मान्य नव्हते. पण प्रत्येक घराची त्यांना ओळख होती, म्हणून खरी उत्तरे त्यांनाच मिळाली आणि ती मिळताच त्यांनी आपले मत बदलले. खेड्यातील शिक्षकालाही घराघराची अशीच ओळख असते.

स्वाध्याय

(१) लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत पहिल्या कंपनीच्या प्रमाणात मृत्यू झाले असते, तर ते किती झाले असते? (उत्तर : सुमारे ८२३.)
(२) एका शाळेत ८० पैकी ६ मुले व दुसरीत २५ पैकी ३ मुले तापाने गैरहजर आहेत. शेकडा प्रमाण काढा. दुसऱ्या शाळेबद्दल लगेच निष्कर्ष का काढू नये, ते लिहा. (उत्तर : साडेसात व बारा.)
(३) ‘ज्या घरांत चूल आहे तेथे खोकला अधिक आढळला.’ खोकल्याचे कारण चूलच आहे असे म्हणण्यापूर्वी आणखी कोणकोणती माहिती गोळा कराल?
(४) पंपाजवळ राहूनही दारूभट्टीतील कामगार वाचले, आणि दूर राहूनही ती बाई दगावली. या दोन अपवादांवरून स्नो यांचे म्हणणे दुबळे झाले की बळकट? सकारण सांगा.