झाडीपट्टीत यायचं तर रात्र मोकळी ठेवा

आरमोरीला येतो म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आता पहिला प्रश्न विचारतो तो रात्रीबद्दल. रात्री तुम्ही कुठे असणार? दिवसाचा कार्यक्रम प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तयारच असतो. एक दिवस ताडोबा, एक दिवस हेमलकसा, जाता जाता मार्कंडा. रात्रीच्या जागी नुसतं हॉटेलचं नाव लिहिलेलं असतं. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचा, हिवाळा मात्र रात्रीच जागा असतो. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. त्या दिवसांत आमच्याकडे येऊन रात्री हॉटेलात झोपलेल्या माणसाने पैसे तर जास्त घालवलेले असतातच, वर पाहायचं तेही राहून गेलेलं असतं.

हे मी पाहुण्यांच्या हालांवरून सांगतो आहे. कॉलेजातला माझा एक पुण्याचा मित्र जानेवारीत सहकुटुंब आला होता. सोबत वहिनी, दोन मुलं आणि त्याच्या आई. ‘स्वस्तात अस्सल आदिवासी अनुभव’ अशी जाहिरात करणाऱ्या एका मध्यस्थाकडे त्याने आगाऊ पैसे भरले होते. नागपूरपासून नागपूरपर्यंत गाडी, ताडोब्याकडच्या एका रिसॉर्टमध्ये मुक्काम आणि रोज एक ठिकाण. कागदावर सगळं नीट दिसत होतं.

सफारी ठेवली होती मंगळवारी, आणि मंगळवारी ताडोब्याचा गाभा क्षेत्रातला प्रवेश बंद असतो. इथल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं, पण पैसे घेणाऱ्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हेमलकसा. नुसतं गडचिरोलीहून त्याच्या शेजारचं भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. हे लोक त्याच्याही बरंच अलीकडून निघाले आणि त्याच दिवशी परतणार होते. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला तिथला लोकबिरादरी प्रकल्प त्यांनी घाईघाईत, घड्याळाकडे बघत पाहिला. मुलांना दिवसभराची आठवण काय, तर गाडीत झालेल्या उलट्यांची. त्या संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर ‘आदिवासी नृत्य’ होतं. कुठल्याशा गावातली पोरं गाडीत घालून आणली होती. ती थकलेली होती, पाहणारेही थकलेले होते. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, “भाऊजी, त्या मुलांकडे बघवत नव्हतं.” ज्या नाचाला त्याचं गाव नाही, सण नाही आणि सोबत नाचायला घरची माणसं नाहीत, तो विकत घेऊन आपण त्या पोरांचा मान कमी करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. असा कार्यक्रम कोणी पुढे केला तर नको म्हणा.

शेवटच्या दिवशी ते आमच्याकडे आले. निघण्याआधी मी फोन करून विचारलं होतं, गाडीत काही ‘तसलं’ नाही ना? होतं. मध्यस्थाने ‘सोय’ म्हणून दोन बाटल्या ठेवून दिल्या होत्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून आलेली नाही, इथल्या बायांनी आणि गावांनी लढून मिळवलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे बाहेरच्यांचा गोंधळ होतो. ब्रह्मपुरीकडून वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरीकडे आलात की बाटली बाळगणं हा गुन्हा आहे. मोहाची दारू चाखायला मिळेल का, असंही पुष्कळजण विचारतात. आदिवासी घरांत मोहाला पूजेत आणि रीतीभातीत स्थान आहे. ती पर्यटकाला पाजायची वस्तू नाही. तुम्ही मागितलीत तर नाही म्हणताना तुमचा यजमान अडचणीत येतो.

त्या रात्री माझ्या मामेभावाच्या गावी नाटक होतं. आरमोरी तालुक्यातलंच गाव, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने हे पट बंद पडले होते. २०२१ च्या अखेरीस पुन्हा वाट मोकळी झाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली वर्षं गावांना सुनी गेली, कारण पट आणि नाटक ही इथे जोडगोळी आहे. पट असला की लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या मुलामुलींची बोलणी निघतात. एकेका घरात इतके पाहुणे असतात की आणखी पाचजण आले तर ताटं वाढतात, कपाळावर आठी येत नाही.

नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू झालं. मित्राला वाटलं होतं बारापर्यंत संपेल. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. तीन अंक, गाणी, बाजूला ऑर्गन-तबला, आणि मधूनमधून प्रेक्षक नटाशी बोलतात. देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, हे या नाटकांचं ठाणं. तिथे नाट्य मंडळांची कार्यालयं आहेत आणि दिवाळीच्या सुमारास गावोगावचे लोक येऊन तारखा ठरवतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर आयुष्य घालवल्याबद्दल. शहरातल्या प्रेक्षकाला सुरुवातीला अभिनय भडक वाटतो. तासभर थांबा. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत दुःख पोचवायचं तर आवाज तेवढा लागतो, हे आपोआप कळतं. दोन अंकांमधल्या नाचगाण्यांचं प्रमाण अलीकडे वाढलंय आणि काही ठिकाणी ती मुलांसमोर बसून पाहण्यासारखी नसतात. कोणतं नाटक चांगलं, हे गावातल्या बायांना विचारा. त्यांचा निवाडा सहसा चुकत नाही.

साडेबाराच्या सुमारास मित्र उठला. सकाळी दहाच्या आत खोली सोडायची होती, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं. ड्रायव्हरने गाडी काढली, तोच मंडपाच्या तोंडाशी बसलेले एक आजोबा काठी टेकत उठले. “येवढ्या राती कोठी जाता जी? हत्ती आहेत ना सडकेवर.” मित्राला ही थाप वाटली. ती थाप नव्हती. २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडमार्गे आलेला रानहत्तींचा कळप आमच्या भागात फिरतो आहे. धानाच्या बांध्या आणि घरं तुडवतो. वाघाचं तर विचारूच नका. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या तिन्ही भागांत मिळून तेरा माणसं मारणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनविभागात पकडला. ती तेरा माणसं सफारीला गेलेली नव्हती. सरपणाला, गुरांमागे, शेतावर गेलेली साधी माणसं होती. म्हणून इथला म्हातारा रात्री रस्त्यावर जाऊ नका म्हणाला की वाद घालायचा नाही.

ते थांबले. आजींना मामीने घरात गोधडीत झोपवलं, मुलं नाटकाच्या मंडपातच आडवी झाली. मित्र आणि वहिनी शेवटच्या अंकापर्यंत बसले, आणि त्या अंकात बहुतेक मंडपाबरोबर ती दोघंही रडली. खोलीचं जास्तीचं भाडं बसलंच. तो म्हणाला, सगळ्या सहलीत वाया गेला नाही असा तेवढाच पैसा.

त्या सहलीचा खर्च आम्ही नंतर कागदावर मांडला. सर्वात मोठा आकडा गाडीचा, त्याखालोखाल रिसॉर्टचा. जेवण, नाटकाची तिकिटं, गावातला खर्च या सगळ्याची बेरीज त्यापुढे किरकोळ होती. म्हणजे काटकसर जेवणात करायची नाही, चाकांत करायची. नागपूर ते आरमोरी एसटी आहे, साधारण एकशे चाळीस किलोमीटरचा रस्ता, उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरीवरून. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याआधीपासूनच मोफत. मित्राच्या आई आणि वहिनी एसटीने आल्या असत्या तर केवढा फरक पडला असता. फक्त सवलतीसाठी लागणारं ओळखपत्र जवळ हवं. पुष्कळ फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास काढा. रेल्वेने यायचं तर गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावर वडसा स्टेशन आहे. तिथून आरमोरी जवळच. मुक्काम आरमोरीला, वडशाला किंवा ब्रह्मपुरीला साध्या लॉजवर करा. गाडी हवीच असेल तर एखाद्या दिवसापुरती इथूनच ठरवा.

ठिकाणं कमी ठेवा. ताडोबा आणि हेमलकसा एका सहलीत कोंबू नका. सफारीच्या जिप्सीचे पैसे गाडीमागे असतात, म्हणून सहाजण मिळून गेलात तरच परवडतं. हेमलकशाला जायचं तर आधी कळवा, तिकडेच मुक्काम करा आणि पावसाळा टाळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पावसाळ्यात तर आरमोरीचंही खरं नसतं. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं तेव्हा वैनगंगाकाठची गावंच्या गावं पाण्यात होती.

दिवसा काय पाहाल? माझं ऐकाल तर वैरागड. आरमोरी तालुक्यातच, खोब्रागडी नदीच्या परिसरात गोंडकाळातला किल्ला आहे आणि जवळच टेकडीवर भंडारेश्वराचं जुनं देऊळ. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. एवढं असूनही बहुतेक दिवशी तिथे तुमच्याशिवाय कोणी नसतं. सकाळी जा, उन्हं कलायच्या आत परत या, झुडपांत शिरू नका. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिथली देवळं निवांत पाहायची तर महाशिवरात्रीची जत्रा सोडून जा. जत्राच पाहायची तर मात्र त्याच दिवशी जा आणि गर्दीची तयारी ठेवा. एखादी सकाळ कोशासाठी ठेवा. आमच्या भागातले ढिवर लोक ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात. पाखरं आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करत जंगलात दिवस काढतात. ते कष्ट डोळ्यांनी पाहिले की कोशाच्या कापडाची किंमत घासाघीस करून पाडावीशी वाटत नाही.

रात्रीचा हिशेब मात्र वेगळा मांडा. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर कार्निव्हलला जाणारी जाणती माणसंही हेच करतात. तिथला ‘जूव्हे’ सोमवारी पहाटे अंधारातच सुरू होतो, म्हणून ती आधी झोप काढून ठेवतात. तुम्हीही नाटकाच्या दिवशी दुपारी झोपा. स्वेटर, कानटोपी, पांघरायला जाड चादर आणि बसायला सतरंजी आणा. जानेवारीतलं दव कपडे भिजवतं. सकाळ उजाडेपर्यंत गावातच राहायचं असं ठरवूनच निघा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठलाही कार्यक्रम लावू नका. तारीख कळायला वडशातल्या एखाद्या नाट्य मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा, किंवा आरमोरीच्या चहाच्या टपरीवर. आज कोणत्या गावी नाटक आहे हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. ओळखीचं घर नसेल तर गावातल्या आयोजक मंडळाला दिवसाउजेडी भेटून आपण कोण, कुठले ते सांगा. फोटो काढायचे तर विचारून काढा. घरात, अंगणात, नाहणीजवळ मोबाइल खिशातच ठेवा.

जेवण जे असेल ते जेवा. भात, लाखोळीची डाळ, सुक्या झिंग्यांचं कालवण, त्यावर सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हॉटेलची भाजी आणवू का, असं कोणी विचारलं तर नको म्हणा; तो खर्च त्यांच्या खिशातून जातो.

यजमान पैसे घेणार नाहीत. बळेच हातात कोंबू नका, त्यांना ते लागतं. नाटकाची तिकिटं पुढच्या खुर्च्यांची घ्या आणि यजमानाच्या घरच्यांचीही तुम्हीच काढा. तो पैसा गावाच्याच मंडळाकडे जातो. हंगामाच्या सुरुवातीला आलात तर घरात नुकताच भरडलेला नवा तांदूळ असतो. तो बाजारभावाने मागून घ्या, पोतं जड झालं तरी. एसटीत चढवायला गावातलं कोणीतरी येतंच.