हॉकी म्हणजे नक्की कोणती?



गेल्या वर्षी कॅनडातील एका मंडळीकडून आमच्या वसतिगृहासाठी एक लांबट खोकं आलं. मीच पत्रात लिहिलं होतं की आमची मुलं हॉकी खेळतात आणि काठ्या कमी पडतात. खोक्यातून आठ कोऱ्या काठ्या निघाल्या. खाली रुंद, सपाट पातं, आणि सोबत रबराच्या जाड काळ्या चकत्या. एका मुलाने विचारलं, "सर, चेंडू राहिला का पाठवायचा?"

चूक कोणाचीच नव्हती. कॅनडात नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरचा खेळ. 1875 साली मॉन्ट्रियलमध्ये त्याचा पहिला नोंदलेला बंदिस्त सामना झाला, आणि 1994 च्या कायद्याने तो त्यांचा हिवाळी राष्ट्रीय खेळ ठरला. आपल्या हॉकीला तिथे 'मैदानी' हे विशेषण जोडावं लागतं. इंग्लंडमध्ये नेमकं उलट. तिथे विशेषण बर्फाला लागतं. रशियात दोन्ही बर्फावरच, एक 'चेंडूची हॉकी' आणि एक 'चकतीची'. पोर्तुगालमध्ये चाकांच्या बुटांवरची हॉकी लोकप्रिय आहे. आणि आपल्याकडे वर्तमानपत्रात 'हॉकीने मारहाण' असं छापून येतं, तिथे हॉकी म्हणजे नुसतं दांडकं!

धर्मशिक्षणाच्या पदविकेला असताना आमचे सर सांगत, शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधण्याआधी तो कोणाच्या तोंडी आहे ते पाहा. म्हणून या वेळी दोन ठिकाणच्या आदिवासींच्या तोंडी हा शब्द काय सांगतो ते पाहू.

पहिलं ठिकाण छोटानागपूर. झारखंडच्या सिमडेगा भागात गावोगावी 'खस्सी' स्पर्धा होतात. जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो. लहान मुलं बांबूच्या काठीने सुरुवात करतात. याच पट्ट्यातून मायकेल किंडो, सिल्व्हानस डुंगडुंग आणि अलीकडे सलीमा टेटे ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. त्यांच्या आधीचे जयपालसिंह मुंडा. रांचीच्या मिशन शाळेत शिकले, तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना इंग्लंडला नेलं, ऑक्सफर्डला हॉकी गाजवली. 1928 साली ॲमस्टरडॅमला भारताने पहिलं सुवर्णपदक मिळवलं तेव्हा कर्णधार तेच होते. भारताने 29 गोल केले, एकही खाल्ला नाही. मात्र संघाच्या व्यवस्थापनाशी बिनसल्यामुळे जयपालसिंह अंतिम सामना खेळले नाहीत. पुढे संविधान सभेत त्यांनी एका शब्दासाठी आग्रह धरला: आम्हाला 'बनजाति' म्हणू नका, 'आदिवासी' म्हणा. शब्दाची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती.

तिथे हॉकी म्हणजे गावाचा सण, आणि पुढे नोकरीची वाट. मिशन शाळांच्या मैदानांचा त्यात वाटा आहे, हे आपण आनंदाने सांगतो.

दुसरं ठिकाण सांगताना मात्र मला अडखळायला होतं. कॅनडात सरकारच्या पैशावर आणि चर्चच्या हाताने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालल्या. सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. कित्येकांना आईबापांपासून ओढून नेलं, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली. क्री समाजाचा फ्रेड सासाकामूस त्यांतलाच. घरी आजोबांनी त्याला लाकडाची काठी करून दिली होती. शाळेत त्याच्यावर अत्याचार झाले, आणि त्याच शाळेतल्या एका फादरांनी त्याला उत्तम खेळाडूही घडवलं. 1953-54 च्या हंगामात तो शिकागोकडून अकरा सामने खेळला, मोठ्या साखळीत पोहोचलेल्या पहिल्या काही आदिवासी खेळाडूंपैकी एक. म्हातारपणी त्याने सगळं उघड सांगितलं. 2020 साली तो वारला.

त्याच्या तोंडी 'हॉकी' म्हणजे काय असेल? आजोबा, मार आणि टाळ्या, सगळं एकाच शब्दात. मी स्वतः वसतिगृह चालवतो. संध्याकाळी मैदानावर मुलांना पळताना पाहून मला समाधान वाटतं, पण खेळतं मूल सुखीच असतं असं आता मी धरून चालत नाही. मुलं रात्री आपसात पावरी बोलतात तेव्हा "मराठीत बोला" म्हणायची मला सवय होती. ती मी सोडली. आणि दर महिन्याला पालकांनी येऊन एक रात्र राहावं अशी व्यवस्था केली. जागा अपुरी पडते, स्वयंपाकाची बाई कुरकुरते, पण ते चालतं.

आता काठ्यांचं. आपल्या काठीची एकच बाजू सपाट असते आणि चेंडूला फक्त तीच लावायची, त्यामुळे त्या आठ काठ्या मुलांना वापरू देणं म्हणजे चुकीची सवय लावणं. लडाखमध्ये मात्र हॉकी बर्फावरच खेळतात. तिकडे जाणाऱ्या एका मित्राबरोबर सहा काठ्या आणि सगळ्या चकत्या पाठवल्या. दोन ठेवून घेतल्या आहेत, फ्रेडची गोष्ट सांगताना मुलांच्या हातात द्यायला. कॅनडाच्या मंडळीला आभाराचं पत्र गेलं आहे. त्यात या वेळी 'मैदानी हॉकी' असं दोनदा लिहिलं.