पंपाच्या टायमिंगला हात लावण्याआधी

चि. भाच्यास,


परवा फोनवर तू एकच प्रश्न विचारलास, ६९७ इंजिनाचं पंप टायमिंग किती डिग्री पुढं घेऊ? ऊस हंगाम तोंडावर आलाय, गाडी चढाला दमते, ॲव्हरेज पडलंय, आणि टायमिंग पुढं घेऊन पंपाचा स्क्रू थोडा खोलला की जुनी टाटासुद्धा पळते, असं मालकाला कुणीतरी सांगितलंय. मी 'आत्ता हात लावू नको' एवढंच बोललो. ते तुला रुचलं नाही हे तुझ्या आवाजावरून कळलं. मागं ग्राइंडर चालू होता, धड बोलता येईना. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

मी तुला आकडा सांगणार नाही. आत्ता टायमिंग कुठं आहे, हेच तू मोजलेलं नाहीस. कुठून निघालो ते माहीत नसताना किती पुढं जायचं हे कसं ठरणार? जुन्या गाडीचं टायमिंग बहुतेक वेळा आपोआपच मागं सरकलेलं असतं. टायमिंग गिअरचे दात झिजतात, पंपातले कॅम आणि टॅपेटचे रोलर झिजतात, कपलिंगमध्ये ढिलेपणा येतो. हे सगळं मिळून डिझेल उशिरा पडायला लागतं. अशी गाडी कंपनीच्या खुणेवर नुसती परत आणली तरी मालक म्हणतो, 'मिस्त्री, काय जादू केली?' मालकाला हवा असलेला जोर कित्येकदा त्या दुरुस्तीतच असतो.

आधी मोज. आयटीआयत तुला स्पिल टायमिंग शिकवलंय, पण वर्गातलं इंजिन स्वच्छ असतं आणि स्टँडवर असतं. गाडीवर करताना काय होतं ते सांगतो. एक नंबरचा हाय प्रेशर पाईप काढ. डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर खोल, आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेव, आणि होल्डर परत बसव. त्यावर स्वान नेकची वाकडी नळी लाव. रॅक फुल डिलिव्हरीवर राहील अशी सोय कर. स्टॉप लिव्हर चुकून ओढलेला राहिला, तर पुढचं सगळं मोजमाप फुकट जाईल. आता हँड प्रायमर मार, नळीतून डिझेलची धार सुरू होईल. इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं, हातानं, अगदी सावकाश फिरव. धार बारीक होत जाईल, मग तुटेल, मग थेंब पडायला लागतील. प्लंजरनं वर येऊन बॅरलचं भोक झाकलं तो हा क्षण. पुस्तकात जितक्या सेकंदांना एक थेंब सांगितलाय तिथं थांब आणि खूण वाच.

इथं घाई करायची नाही. खुणेच्या पुढं गेलास तर तेवढंच मागं आणून वाचू नको, कारण गिअरमधला सगळा ढिलेपणा उलट्या बाजूला जातो आणि वाचन खोटं येतं. चांगलं पाव फेरा मागं जा आणि चालत्या दिशेनं पुन्हा ये. दोनदा मोज. दोन्ही वाचनं जुळली नाहीत, तर ढिलेपणा कुठं आहे ते आधी शोध. एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे याचीही खात्री कर. ६९७ चा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना सहा नंबरचे व्हॉल्व्ह हलत्या अवस्थेत दिसले पाहिजेत. आणि टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या वरच्या टोकाच्या, खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नको. जुन्या गाड्यांत पुली बदललेली असते, काटा वाकलेला असतो. शंका आली तर डायल गेज लावून टीडीसी स्वतः काढ.

खुणा असलेल्या चाकाचा व्यास ४०० मिमी धरला, तर त्याच्या कडेवर १ डिग्री म्हणजे जेमतेम साडेतीन मिमी. तू मला 'दोन-तीन डिग्री' सहज बोललास. हातातल्या खडूची रेघच एवढी जाड असते. शिवाय पंप इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळं पंपावर १ डिग्री सरकवलीस की क्रँकवर २ डिग्री सरकतात. फ्लँजच्या लांबट भोकांतून पंपाची बॉडी फिरवत असशील, तर शाफ्टच्या दिशेच्या उलट फिरवल्यावर टायमिंग पुढं जातं. कपलिंगमधून शाफ्ट फिरवत असशील, तर फिरण्याच्या दिशेनं फिरवल्यावर पुढं जातं. दोन्हींत दिशा उलट आहे आणि याच ठिकाणी जाणते लोकही गोंधळतात. खोलण्याआधी जुनी जागा छिन्नीनं नाही, पातळ स्क्रायबरनं आखून ठेव.

आता पुढं घेतल्यावर आत काय होतं ते समजून घे, म्हणजे मालकाला सांगताना नुसती मामाची भीती सांगावी लागणार नाही. डिझेल पडलं की लगेच पेटत नाही. तापलेल्या हवेत थेंब फुटायला, त्याची वाफ व्हायला थोडा वेळ लागतो. दाखल्यासाठी तो १ मिलिसेकंद धर. १००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ६ डिग्री फिरतो, २४०० ला १४ डिग्रींहून जास्त. वेग वाढला की हवा जास्त तापते, जास्त घुसळते आणि तो वेळ थोडा आखडतो, तरी वाढत्या वेगाला डिझेल आधी पडावंच लागतं. म्हणूनच कित्येक पंपांच्या ड्राइव्हमध्ये वजनं आणि स्प्रिंगांचा ॲडव्हान्स असतो. त्याच्या स्प्रिंगा थकल्या असतील, तर उभ्या इंजिनावर खूण बरोबर येते आणि रस्त्यावर गाडी तरीही चुकते. मग लोक स्थिर टायमिंग सरकवून ती चूक झाकतात, आणि कमी वेगाला नवीन चूक तयार होते. ते युनिट बेंचवरच तपासलं पाहिजे.

पिस्टन वरच्या टोकावरून खाली वळल्यावर साधारण दहा-पंधरा डिग्रींत दाब सगळ्यात जास्त व्हावा, तेव्हा क्रँकला खरी ताकद मिळते. डिझेल फार आधी पडलं तर पेटायला वेळ जास्त लागतो, कारण हवा अजून पुरती तापलेली नसते. तोवर बरंच डिझेल जमा होतं आणि एकदम भडकतं. त्यावेळी पिस्टन अजून वर येत असतो. तो टणटणीत ठोका तू ऐकलाच असशील. नवखा ड्रायव्हर त्याला 'इंजिन कडक झालं' म्हणतो. पण त्या ठोक्याचा भार हेड गॅस्केट घेतो, पिस्टनच्या रिंगांमधले काठ घेतात, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग घेतात. चांगल्या रस्त्यावर, मोकळ्या गाडीला ते सहन होतं. आपली गाडी मात्र शेतातल्या चिखलातून ऊस भरून निघते, खालच्या गिअरात, कमी आरपीएमला, पूर्ण रॅकवर. जास्त ॲडव्हान्सला याहून वाईट परिस्थिती मला माहीत नाही.

टायमिंग मागं राहिलं तरी गाडीचे हाल होतातच. डिझेल उशिरा जळतं, मॅनिफोल्ड लाल होतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, गाडी धूर टाकते आणि जोर लागत नाही. पाणी दोन्ही चुकांत तापतं. म्हणून पाणी तापतंय एवढ्यावरून टायमिंग पुढं आहे की मागं, हे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नको.

एक गोष्ट मला मनापासून सलते. टायमिंग थोडं पुढं घेतलं की काळा धूर बऱ्याचदा कमी होतो. डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा गडदपणा मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना त्याची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. पण टायमिंग पुढं घेतल्यानं सिलिंडरमध्ये कमाल दाब आणि तापमान वाढलं की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ते धुरात दिसत नाहीत आणि पीयूसीच्या यंत्रालाही कळत नाहीत. कागद हातात पडतो, मालक खूश होतो, आणि कारखान्याच्या गेटवर रांगेत थांबलेल्या ड्रायव्हरांच्या आणि तोडणी कामगारांच्या पोरांच्या छातीत ती हवा जाते. आपण कामगार माणसं. आपल्याच माणसांना ती हवा देऊन मिळालेलं पीयूसी मला मान्य नाही, आणि तुलाही मान्य नसावं.

तू अमेरिकेतल्या डॉज गाड्यांचे व्हिडिओ बघतोस, ते आक्काकडून कळलं. बघ, त्यांतही शिकण्यासारखं आहे. ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स, आणि १९९४ ते १९९८ च्या गाड्यांवरचा बॉशचा पी७१०० पंप. तोही इनलाइनच, आपल्याच जातीचा. त्या लोकांचं एक काम मला फार आवडतं. त्या पंपाचा गिअर टेपर शाफ्टवर नुसत्या घट्टपणावर बसतो, चावी नसते. म्हणून ते टेपर दोन्ही बाजूंनी पुसून अगदी कोरडा करतात, आणि नट टॉर्क रेंचनंच आवळतात. तेलाचा ओलावा राहिला तर गिअर घसरतो आणि टायमिंग वाटेत बदलतं. ही शिस्त जरूर उचल. पण त्यांचे आकडे उचलू नको. त्यांची गाडी पिकअप आहे, इंजिनाला टर्बो आहे, बोअर १०२ मिमी आहे, कम्बश्चन चेंबर वेगळा आहे. आपल्या ६९७ चा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८ मिमी. एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्यानं वाचणं.

स्क्रूबद्दल मालक ऐकणार नाही, म्हणून ते तूच ठाम सांग. फुल लोड स्क्रूवरचं सील पंप रूमनं बेंचवर मोजून लावलेलं असतं. सहाही एलिमेंटचं डिझेल सारखं पडतंय का, सहा सिलिंडरच्या पंपात दोन एलिमेंटमधलं अंतर कॅमवर ६० डिग्री येतंय का, हे तिथं तपासतात. त्यात अर्ध्या डिग्रीचा फरकही त्यांना मोठा वाटतो. गाडीवर सील तोडून स्क्रू खोलला की सहाही सिलिंडरला डिझेल वाढतं, पण आत येणारी हवा तेवढीच राहते. वाढलेलं डिझेल धूर आणि उष्णता होऊन बाहेर पडतं.

मग गाडी का दमते? माझा अंदाज विचारशील तर टायमिंग शेवटी येतं. ऊसवाल्या गाडीचं एअर क्लीनर आधी उघड, धूळ आणि पाचट निघेल. फीड पंपाचं फिल्टर आणि टाकीतली जाळी बघ. मग सहाही नोझल काढून टेस्टरवर लाव. या जातीच्या इंजिनाला नोझल २०० बारच्या आसपास उघडतं, नेमका आकडा पुस्तकातून घे. गळकं नोझल असलं की ठोका आणि धूर दोन्ही येतात, आणि दोष टायमिंगवर जातो. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, मग कॉम्प्रेशन. एवढं झाल्यावर स्पिल टायमिंग मोज आणि पुस्तकातल्या खुणेवर आण. पुस्तकात जी थोडी सूट दिलेली असते, तिच्या आतल्या आत पुढच्या बाजूला ठेवायला माझी ना नाही. सुटीच्या बाहेर मात्र मी जाणार नाही.

कामाच्या दोन गोष्टी आणि सांगतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जोडीनं घासलेली असते, ती दुसऱ्या एलिमेंटला लावायची नाही. ती कापसाच्या वेस्टनं पुसू नको, एक धागा अडकला तरी पुरे. होल्डर जीव खाऊन आवळू नको, बॅरल दबतं आणि प्लंजर जाम होतो. आणि चालू इंजिनाच्या हाय प्रेशर पाईपची गळती बोटानं शोधायची नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते. बाहेरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण हात वाचवायला त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठा धर. कधी झालंच तर 'बघू उद्या' न म्हणता थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना आत डिझेल गेलंय असं स्पष्ट सांग. हे गॅरेजमधल्या सगळ्या पोरांना एकदा बसवून सांग, माझ्या नावानं सांगितलंस तरी चालेल.

सहाही पाईप वाकवून-वाकवून एकाच लांबीचे का केलेत हे तू मागं विचारलं होतंस, ते तेव्हा राहून गेलं. डिझेलमधून दाबाची लाट पंपापासून नोझलपर्यंत जायला वेळ लागतो, ७० सेंटिमीटरच्या पाईपला साधारण अर्धा मिलिसेकंद. एखादा पाईप फुटला म्हणून बाजारातून मिळेल तो आखूड लावला, की त्या एका सिलिंडरचं टायमिंग वेगळं होतं. या गाडीचे पाईप मोजून घे. मागच्या मालकांनी काय काय बदललंय कुणाला ठाऊक.

इंजिनाच्या प्लेटवरचा नंबर, पंपाच्या बॉडीवरचा पूर्ण नंबर आणि गव्हर्नरच्या प्लेटवरचं सगळं लिहून पाठव, फोटो काढलास तर उजेडात काढ. शिवाय दोन्ही वेळची स्पिल टायमिंगची वाचनं आणि सहा नोझलचे प्रेशर. ते आले की त्या पंपाचा बेंचवरचा तक्ता माझ्याकडून पाठवतो. पंप खाली घ्यायची वेळ आलीच तर इकडंच घेऊन ये, बेंच मोकळा ठेवतो. मालकाला गाडी चार दिवस उभी राहील असं आत्ताच सांगून टाक, हंगाम सुरू झाल्यावर सांगू नको.

आक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा