एक मिडी कीबोर्ड, दोन सॉफ्टवेअर

प्रश्न : विंडोज लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह चालू असताना रीपर उघडलं, की तिथे मिडी कीबोर्ड वाजतच नाही. कीबोर्ड बिघडलाय का?

उत्तर : नाही. विंडोजवरचे बरेच जुने मिडी ड्रायव्हर एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला पोर्ट देतात; पहिल्याने ते धरलं की दुसऱ्याला मिळत नाही. मॅकवर ही अडचण सहसा येत नाही.

उपाय असा : लूपमिडी या सॉफ्टवेअरमध्ये दोन आभासी पोर्ट तयार करा. मिडी संदेश वळवणारं मिडी-ऑक्स हे सॉफ्टवेअर आधी उघडून कीबोर्डचा इनपुट दोन्ही पोर्टांकडे वळवा. मग लाइव्ह आणि रीपरमध्ये मूळ कीबोर्ड बंद करून एकेक आभासी पोर्ट इनपुट म्हणून निवडा. तोच पोर्ट आउटपुटला मात्र लावू नका. नाहीतर संदेश गोल फिरत राहतील आणि सूर अडकतील.

दोन्हींकडे एकदम वाजायला नको असेल, तर ज्या ट्रॅकची गरज नाही त्याचं रेकॉर्ड-आर्म बटण बंद ठेवा.