मेडिकलमधून आणलेली ट्यूब

तोंडावर पुळ्या आल्या की आपल्याकडे डॉक्टरांच्या आधी पार्लर, शेजारीण आणि मेडिकलवाला यांचा नंबर लागतो. माझ्या मावसबहिणीचंही तेच झालं. नाकावर ब्लॅकहेड, गालांवर थोड्या लाल पुटकुळ्या, एवढीच तिची तक्रार. भावाचं लग्न जवळ आलं तेव्हा पार्लरवालीनं एका ट्यूबचं नाव सांगितलं आणि मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता ती काढून दिली. आठवडाभरात पुटकुळ्या बसल्या, रंग उजळला. मांडवात दोघीतिघींनी ट्यूबचं नाव मोबाइलमध्ये टिपूनही घेतलं.

लग्न पार पडल्यावर तिनं ट्यूब बंद केली आणि चेहरा लालबुंद झाला. उन्हात गेलं की आग, साधं पाणी लागलं तरी चुरचुर. घाबरून तिनं ती पुन्हा लावली, तर आग थांबली. मग थांबवायचं, आग झाली की लावायचं, असं चक्र सुरू झालं. काही महिन्यांत गालांवर बारीक रक्तवाहिन्यांच्या रेघा दिसू लागल्या, वरच्या ओठावर लव वाढली आणि पूर्वी कधी नव्हत्या इतक्या पुटकुळ्या उठल्या, सगळ्या एका मापाच्या. त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ट्यूब मागितली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं तिलाच वाचायला लावली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं नाव स्टिरॉइडचं.

हे मिश्रण डॉक्टर वांगावर देतात, तेही थोडे दिवस आणि नजरेखाली. मुरमांवर ते चालत नाही. स्टिरॉइडनं सूज दबते, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा नितळ आणि गोरा दिसतो. पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते आणि नवे मुरूम उठतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ट्यूब घरी आणण्याआधी मागची नावं वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन दिसलं तर मुरमांसाठी ती घेऊ नये.

मुळात तिला स्टिरॉइडची गरजच नव्हती. तिचे मुरूम अगदी सौम्य प्रकारातले होते.

मुरमाची सुरुवात केसाच्या मुळाशी होते. तिथल्या ग्रंथीतून तेल येतं, मृत पेशी त्यात चिकटतात आणि तोंड बुजतं. तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड, उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. त्वचेतलं मेलॅनिन आणि हवा लागून बदललेलं तेल यांचा तो रंग, त्यामुळे कितीही घासलं तरी तो जात नाही. खरबरीत स्क्रबनं त्वचा मात्र सोलवटते. इथे सॅलिसिलिक ॲसिड किंवा रात्री लावायचं ॲडापलीन कामाला येतं. ॲडापलीन अख्ख्या चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढंच पुरतं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, पुटकुळ्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात आणि नेमकं त्याआधीच बहुतेकांचा धीर सुटतो. गरोदर बायकांनी ते लावू नये.

लाल किंवा पू धरलेल्या पुटकुळ्यांवर बेंझॉइल पेरॉक्साइड चांगलं चालतं. अडीच टक्क्यांचं जेल दहा टक्क्यांच्या बरोबरीनं काम करतं आणि आग कमी करतं. फक्त उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे वापरावेत, कारण रंगीत कापडावर त्याचे फिके डाग पडतात. क्लिंडामायसिनसारखं ॲन्टिबायोटिक जेल एकटंच महिनोन्‌महिने लावलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड देतात.

खोल, दुखऱ्या गाठी हा प्रकार वेगळा. त्या फोडल्या की खड्डे पडतात, म्हणून त्यांना हात न लावता थेट डॉक्टर गाठावा. अशा वेळी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या जातात. औषध गुणकारी आहे, पण गर्भाला त्यानं गंभीर व्यंग येऊ शकतं. उपचार चालू असताना आणि त्यानंतरही महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, रक्तदानही करायचं नाही. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून या गोळ्या घेणं म्हणजे आगीशी खेळ.

बाईच्या हनुवटीवर आणि जबड्यालगत पुन्हा पुन्हा मुरूम येत असतील, पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढले असतील, तर पीसीओएसची तपासणी करावी. तिथे नुसत्या ट्यूबनं भागत नाही.

आणि काही पुळ्या मुरूम नसतातच. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारखे बारीक दाणे आले आणि ते खाजत असले, तर मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा संशय घ्यावा. घामाच्या दिवसांत ते जास्त दिसतात. ॲन्टिबायोटिकनं ते वाढतात. बुरशीवरच्या औषधानं बसतात. कपाळावर केसांच्या रेषेलगत दाणे येत असतील तर रात्री चोपडलेल्या तेलाकडे बघावं. आमच्या घरात आजीची चंपी बंद करायची कुणाची हिंमत नव्हती, तेव्हा तोडगा निघाला तो असा: तेल लावायचं ते न्हाण्याआधी, आणि कपाळ सोडून.

खाण्याचं म्हणाल तर साखर आणि मैदा कमी केल्यानं काहींना फरक पडतो. लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा मात्र चेहऱ्यापासून लांबच ठेवावेत. आपल्या सावळ्या कातडीवर भाजलं, खाजवलं, फोडलं की काळपट डाग राहतो आणि तो मुरमापेक्षा जास्त मुक्काम करतो. त्यावर सकाळचं सनस्क्रीन हा महागड्या क्रीमपेक्षा भरवशाचा उपाय.

मावसबहिणीचा चेहरा निवायला बरेच महिने गेले. स्टिरॉइड एकदम सोडायचं की हळूहळू, हे डॉक्टरांनी ठरवलं. मधली आग सोसायला सौम्य मॉइश्चरायझर दिलं. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांनी ट्यूब लपवू नये. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, फेसवॉश, केसांचं तेल आणि जिमला जात असाल तर प्रोटीन पावडरचा डबाही पिशवीत घालून न्यावा. चालू गोळ्यांची यादी द्यावी. टीबीवरचं आयसोनियाझिड, लिथियम, फिट्सवरची काही औषधं यांनीही पुळ्या उठतात. पण त्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. ज्यांनी त्या दिल्या त्यांच्याशी बोलूनच त्वचारोगतज्ज्ञ पुढचं ठरवतात.